धंदा जोरात, पण हातात काही नाही

नवा व्यवसाय सुरू केलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो गिऱ्हाइकाचा. माल खपतो का, दुकानात गर्दी असते का, ऑर्डरी येतात का? प्रश्न रास्त आहे. पण गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्याचे आणि त्यांची विवरणपत्रे भरण्याचे काम करताना माझ्या पाहण्यात जे आले आहे ते असे, की विक्रीच न झाल्यामुळे बंद पडलेले धंदे थोडे आणि चांगली विक्री चालू असतानाच बसलेले धंदे जास्त. "धंदा जोरात आहे, पण हातात काही राहत नाही" हे वाक्य मी फराळ विकणाऱ्या ताईंकडून ऐकले आहे, ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून ऐकले आहे आणि कॉलेजच्या मुलांसाठी मेस चालवणाऱ्या जोडप्याकडूनही ऐकले आहे. ही माणसे आळशी नसतात आणि उधळी तर मुळीच नसतात. त्यांनी दोन गोष्टी मोजलेल्या नसतात, एक म्हणजे स्वतःच्या श्रमांची किंमत आणि दुसरी म्हणजे बाजारात अडकून पडणारा पैसा. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांच्या इतरही चुका असतात आणि त्यांविषयीही मी पुढे लिहिणार आहे, पण या दोन चुका इतर सगळ्या चुकांना पोसतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करणे योग्य होईल.

किंमत ठरवण्याचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. घरी चकली करून दुकानांना देणाऱ्या एका ताईंच्या वहीतले आकडे त्यांच्या परवानगीने आणि सोयीसाठी पूर्णांकात देते. एक किलो तयार चकलीला भाजणी ६८ रुपयांची, मोहन आणि तळणीत शोषले जाणारे तेल ५० रुपयांचे आणि तीळ, ओवा, तिखट, मीठ मिळून १२ रुपये, असा कच्चा माल १३० रुपयांचा लागत होता. दुकानदाराला त्या २२० रुपये किलोने माल देत होत्या आणि किलोमागे ९० रुपये सुटतात असे त्यांचे म्हणणे होते. वहीत कच्चा मालच लिहिलेला होता, कारण वाण्याकडे रोख पैसे मोजावे लागत होते तेवढ्याच गोष्टी त्यांना खर्च वाटत होत्या.

आम्ही दोघींनी बसून राहिलेल्या ओळी लिहिल्या. गॅस १५ रुपये. पाव किलोच्या चार पिशव्या आणि त्यांवरचे लेबल १४ रुपये. सोऱ्या फिरवायला एक आणि कढईपाशी एक अशा दोन बायका सकाळी भाजणी भिजवण्यापासून संध्याकाळी पिशव्या बंद करेपर्यंत राबल्या, तर दिवसाला १२ किलो माल होतो, आणि ४०० रुपये रोजाने त्यांची मजुरी ८०० रुपये, म्हणजे किलोला ६७ रुपये होते. तुटलेली, जास्त लाल झालेली आणि पिशवीत न घालण्याजोगी चकली शंभरात पाच तरी निघते, तिचे साधारण ११ रुपये. दुकानांपर्यंत माल पोहोचवण्याचे पेट्रोल ६ रुपये. बेरीज २४३ रुपये झाली. ज्या मालावर ९० रुपये सुटतात असे वाटत होते तो माल त्या किलोमागे २३ रुपये तोट्याने विकत होत्या.

मग इतके दिवस धंदा चालला कसा, हा प्रश्न त्यांनी लगेच विचारला आणि त्याचे उत्तर सगळ्या घरगुती उद्योगांना लागू पडते. राबणाऱ्या दोन बायका म्हणजे त्या स्वतः आणि त्यांची जाऊ होत्या. मजुरी वगळली तर खर्च १७६ रुपये येतो, २२० मधून किलोला ४४ रुपये उरतात आणि १२ किलोंचे ५२८ रुपये होतात. ते दोघींत वाटले तर एकीला दिवसाचे २६४ रुपये मिळतात. म्हणजे दुसऱ्याकडे कामाला गेल्या असत्या तर ४०० रुपये रोज मिळाला असता, तो सोडून त्या स्वतःच्या धंद्यात २६४ रुपयांवर राबत होत्या, आणि वर भांडवलाची जोखीमही त्यांचीच होती. खरा घात पुढे दिवाळीत झाला. ऑर्डरी दुप्पट आल्या म्हणून त्यांनी दोन बायका रोजाने लावल्या. त्या बायकांच्या हातून निघालेल्या प्रत्येक १२ किलोंमागे ८०० रुपये मजुरी द्यावी लागली आणि माल देऊन मजुरीसाठी उरले ५२८. रोज २७२ रुपये पदरचे गेले. जितके काम वाढवले तितका तोटा वाढत गेला, आणि घरात सगळ्यांना वाटत होते की यंदा धंद्याला बरकत आली.

म्हणून किंमत ठरवताना स्वतःचा रोज पहिल्या दिवसापासून लिहायलाच हवा. तो लगेच उचलता आला नाही तरी चालेल, पण तो वहीत असला पाहिजे, कारण ज्या दिवशी तुम्ही आजारी पडाल किंवा काम वाढेल त्या दिवशी तुमच्या जागी पगारी माणूस येणार आहे आणि तो कौतुकावर काम करणार नाही. त्यावर नफा धरावा आणि मग दुकानदाराचा वाटा धरावा. दुकानदाराला छापील किमतीवर शंभराला वीस सुटायला हवे असतील, तर २२० रुपयांना दिलेल्या मालाची छापील किंमत २७५ होते आणि २४३ रुपये खर्चावर १७ रुपये नफा धरून २६० रुपयांना दिलेल्या मालाची ३२५. ३२५ रुपयांना त्या बाजारात चकली खपत नसेल, तर ती गोष्ट धंदा सुरू करण्यापूर्वी कळलेली बरी. मग चकलीऐवजी दुसरा पदार्थ निवडता येतो, दुकान वगळून थेट गिऱ्हाइकाला माल देता येतो किंवा हाताच्या सोऱ्याऐवजी यंत्र घेऊन दिवसाचे उत्पादन वाढवता येते. शेजारच्या ब्रँडची किंमत पाहून त्यापेक्षा दहा रुपये कमी लावणे हा किंमत ठरवण्याचा मार्ग नव्हे. शेजारचा माणूस तेल डब्याने घेतो की टँकरने, हे आपल्याला माहीत नसते.

आता दुसरी गोष्ट, अडकलेल्या पैशाची. वरच्याच उदाहरणात दिवसाला १२ किलो माल म्हणजे सुमारे २,९०० रुपये खर्च. दुकानदार महिन्याने पैसे देतो असे धरले आणि महिन्यात २५ दिवस काम झाले, तर पहिला रुपया परत येण्यापूर्वी जवळजवळ ७३ हजार रुपये दुकानांच्या फळ्यांवर जाऊन बसलेले असतात. त्यात नफ्याचा किंवा तोट्याचा प्रश्न नाही. किंमत अगदी बरोबर लावली तरी हे पैसे लागतातच, आणि विक्री दुप्पट झाली की तेही दुप्पट लागतात. खेळते भांडवल म्हणतात ते हेच. धंद्याच्या खर्चाची यादी करताना यंत्र, फर्निचर, रंगरंगोटी, पाटी आणि उद्‌घाटन इथपर्यंत सगळे लिहिले जाते आणि ही ओळ राहून जाते.

आमच्या भागात चटणीचा धंदा करणाऱ्यांना हे फार तीव्रतेने भोगावे लागते. संकेश्वरी मिरचीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी असतो. चांगली मिरची हवी असेल तर वर्षभराचा माल त्या दोन-तीन महिन्यांत रोखीने घेऊन, वाळवून, ओल लागणार नाही असा ठेवावा लागतो, आणि चटणी मात्र बारा महिने थोडी थोडी विकली जाते. ज्याने हंगामात पैसे उभे केले नाहीत त्याला श्रावणात बाजारभावाने मिळेल ती मिरची घ्यावी लागते. रंग बदलतो, तिखटपणा बदलतो आणि गिऱ्हाईक काही न बोलता दुसरीकडे जाते. भांडवलाच्या चुकीचा परिणाम असा मालाच्या चवीत उतरतो.

फॅब्रिकेशनमध्ये याच चुकीचे रूप वेगळे असते. गेटची ऑर्डर घेताना आगाऊ रक्कम मिळते आणि हातात रोकड आल्यासारखी वाटते. ती रक्कम मागच्या कामाच्या लोखंडाची थकबाकी भागवण्यात जाते, मग या गेटचे लोखंड आणण्यासाठी पुढची ऑर्डर शोधावी लागते, आणि ती लवकर मिळावी म्हणून दर पाडून घ्यावी लागते. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालण्याचा हा खेळ ऑर्डरी येत असतात तोवर चालतो आणि पावसाळ्यात बांधकामे मंदावली की एका महिन्यात उघडा पडतो. प्रत्येक कामाची आगाऊ रक्कम त्याच कामाच्या मालावर खर्च करायची, एवढी एकच शिस्त पाळणारे फॅब्रिकेटर मी पाहिले आहेत आणि त्यांच्या दुकानात दिखावा नसला तरी लोखंडवाल्याचा तगादाही नसतो.

उधारीबद्दल लोक दोन टोकांना जातात. काही जण "उधारी बंद" अशी पाटी लावतात आणि गावातल्या ओळखीपाळखीपुढे ती टिकत नाही. काही जण मागेल त्याला देतात आणि वसुलीला जायला संकोच करतात. माझे मत असे आहे की उधारी हा एक खर्च आहे असे समजून तिची मर्यादा आधीच ठरवावी. एका दुकानाला किती रुपयांपर्यंत, किती दिवसांपर्यंत, आणि मागचे बिल चुकते झाल्याशिवाय पुढचा माल नाही, हे पहिला माल देतानाच सांगावे. पहिल्या दिवशी सांगितलेल्या अटीचा कोणाला राग येत नाही. तीच गोष्ट सहा महिन्यांनी सांगितली की संबंध बिघडतात.

मोठ्या खरेदीदाराला माल देणाऱ्या उत्पादकाच्या किंवा सेवा देणाऱ्याच्या बाजूने कायदाही आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आली की या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरली जाते. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने लहान उत्पादक तक्रार करत नाही, हे मला मान्य आहे. पण आपला उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे झालेल्या नोंदणीचा क्रमांक, प्रत्येक बिलावर छापायला कोणाचीच हरकत नसते, आणि मार्चमध्ये त्या खरेदीदाराचा लेखापाल थकबाकीची यादी काढतो तेव्हा ती बिले आपोआप वर येतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या आधारे होते आणि तिला काहीही शुल्क नाही. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे या नोंदणीसाठी हजार-दोन हजार रुपये घेतात, तिथे पैसे भरू नयेत.

कर्जाची चूकही अडकलेल्या पैशाच्या चुकीतूनच जन्मते. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली आणि तिच्यात शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. माणूस मंजूर होईल तेवढे सगळे यंत्रात घालतो, कारण यंत्र दिसते आणि खेळते भांडवल दिसत नाही. दुसऱ्या महिन्यात यंत्र उभे असते, कच्च्या मालाला पैसे नसतात आणि हप्ता सुरू झालेला असतो. मग तो भागवण्यासाठी सोने गहाण पडते किंवा सावकार गाठला जातो. बँकेत प्रकल्प अहवाल देताना यंत्राच्या रकमेइतक्याच ठामपणे खेळत्या भांडवलाची रक्कम मांडावी आणि उत्पादन सुरू होऊन वसुली येऊ लागेपर्यंत मुद्दलाच्या हप्त्याला सवलतीची मुदत मागावी. बँक अधिकारी ही मागणी गैर मानत नाहीत. उलट, या माणसाने विचार केला आहे असे त्यांना वाटते.

अनुदानाच्या आशेने धंदा निवडणे ही आणखी एक चूक, आणि ती करणाऱ्यांना मला पुष्कळदा निराश करावे लागते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, हे खरे आहे. पण ते हातात येत नाही. बँकेत कर्जदाराच्या नावे ३ वर्षे ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असल्याची खातरजमा झाल्यावर कर्जात वळते होते. ज्याला ३ वर्षे तो धंदा चालवायचाच आहे त्याच्यासाठी ही योजना उत्तम आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन तिची माहिती जरूर घ्यावी, परंतु "अनुदान कशाला मिळते" हा प्रश्न "मला काय येते आणि इथे काय खपते" या प्रश्नांच्या नंतर यावा.

खप अजमावण्याच्या बाबतीत दोन परीक्षा फसव्या असतात. पहिली नातेवाइकांची. ते कौतुकाने घेतात, पैसेही पूर्ण देतात आणि दोष सांगत नाहीत. दुसरी दिवाळीची. दिवाळीच्या पंधरवड्यात बऱ्यापैकी केलेला कोणताही फराळ विकला जातो, आणि त्या विक्रीवर भिस्त ठेवून गाळा भाड्याने घेणारा माणूस मार्गशीर्षातच अडचणीत येतो. ज्याची ओळख नाही अशा गिऱ्हाइकाने एकदा घेतलेला माल साध्या महिन्यात पुन्हा मागितला, तर ती खरी परीक्षा. तेवढे होईपर्यंत घरातून, ठरावीक वारांना आणि थोड्या मालावर धंदा चालवावा.

या संदर्भात लिज्जत पापडाची सुरुवात मला फार शिकवणारी वाटते. १९५९ च्या १५ मार्चला गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्याकडे दुकान नव्हते, पाटी नव्हती, आणि पहिल्या दिवशी तयार झाली ती जेमतेम चार पाकिटे. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, चांगले आणि स्वस्तातले. ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत त्या छगनलाल पारेख यांनी त्यांना एकच प्रत ठेवण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि पावसातही काम चालू राहिले. खर्च कुठे करावा याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ज्या अडचणीने काम थांबत होते ती नेमकी ओळखली गेली आणि तेवढ्याच अडचणीवर पैसा खर्च झाला.

याउलट आपल्याकडे पहिला मोठा खर्च होतो तो छापील पिशव्यांवर. रंगीत छपाईच्या पिशव्यांसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा साचा, करावा लागतो आणि छापणारा हजारोंच्या खाली ऑर्डर घेत नाही. पिशव्या येतात, आणि मग कळते की अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक छापायचा राहिला आहे, किंवा पत्ता अपुरा आहे, किंवा छापलेल्या किमतीत माल परवडत नाही. पहिले वर्षभर साध्या जाड पिशवीवर चिकटवायचे लेबल वापरावे. त्यावर उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, घटकपदार्थ, किती दिवसांत खावे ती मुदत आणि शाकाहारी असल्याचे हिरवे चिन्ह एवढे सगळे नियमाने यायला हवे, आणि यात चूक झाली तर लेबल बदलायला शंभर-दोनशे रुपये पुरतात. नावही छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून पाहावे, ते पाहायला काहीच खर्च येत नाही.

वस्तू व सेवा कराबाबत लोक एकतर घाबरून लवकर नोंदणी करतात किंवा बेफिकिरीने उशिरा करतात. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते, आणि बहुतेकांना एवढेच माहीत असते. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांना त्यातला अपवाद महत्त्वाचा आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर ही मर्यादा लागू होत नाही, नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. गडहिंग्लजहून संकेश्वर जवळ आहे, भाषा तीच, गिऱ्हाईक तेच, पण तिथल्या दुकानाला चकलीचा डबा दिला की ती कर्नाटकातली विक्री होते. पापडावर कर नाही आणि चकली, चिवडा यांवर तो आहे. पॅकबंद फरसाण आणि नमकीनवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याची लहान व्यावसायिकांसाठीची सोय, निवडली तर हिशेब सोपा होतो, पण मग परराज्यात माल विकता येत नाही आणि बिलावर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. कंपोझिशनमध्ये असूनही बिलावर कर लावणारी दुकाने मी पाहिली आहेत आणि त्याचे परिणाम नोटिशीच्या रूपाने येतात.

रोजच्या हिशेबाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत लहान व्यावसायिकाला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न दाखवून आयकर भरता येतो, आणि त्यासाठी तपशीलवार हिशेबपुस्तके ठेवण्याचे बंधन नाही. यातून "वही ठेवायची गरज नाही" असा अर्थ काढला जातो. ती सवलत कर खात्यापुरती आहे. स्वतःच्या धंद्यात काय चालले आहे ते कळण्यासाठी वहीच लागते. रोज रात्री गल्ला मोजून सकाळची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचा खर्च आणि हातातली रोकड एवढा रोजमेळ लिहायला दहा मिनिटे लागतात. रोकड आणि वही जुळली नाही तर फरक त्याच रात्री आठवतो. महिन्याने तो सापडत नाही.

या रोजमेळाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घरचा आणि धंद्याचा एकच पैसा. दुकानावरचा क्यूआर कोड मुलाच्या बचत खात्याला जोडलेला असतो, त्याच खात्यातून कॉलेजची फी जाते, गल्ल्यातून भाजी येते, दुकानातून साखर घरी जाते आणि पाहुणे आले की फराळाची पाकिटेही. यातले काहीच गैर नाही, पण लिहिलेले नसले तर धंद्यात तोटा आहे की घरखर्च जास्त आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग घरात एकमेकांवर दोषारोप होतात. धंद्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळे चालू खाते काढावे, क्यूआर त्यालाच जोडावा, घरी नेलेला माल मालकाची उचल म्हणून लिहावा, आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम घरखर्चासाठी काढून घ्यावी. ती रक्कम सुरुवातीला लहान असेल. घरच्यांना ती आधीच सांगितलेली असली की पुढची ओढाताण वाचते.

भागीदारीत हीच अस्पष्टता अधिक महाग पडते. एकाचे पैसे आणि दुसऱ्याचे श्रम, असे दोन मित्र किंवा मेहुणे-मेहुणे एकत्र येतात आणि "आपल्यात कशाला कागद" म्हणून करार करत नाहीत. करारात काही ठरलेले नसेल तर १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लागू होतो आणि त्यानुसार नफा आणि तोटा सर्वांत समान वाटला जातो, मग पैसे कोणी कितीही घातलेले असोत. दिवसभर राबणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा पगार मागण्याचा हक्क राहत नाही. फर्म नोंदलेली नसेल तर ज्याने पैसे बुडवले त्याच्यावर करारापोटी दावाही लावता येत नाही. कोणाचे भांडवल किती, कोण किती वेळ देणार, पगार किती, मोठा खर्च कोणाच्या सहीने होणार आणि एकाला बाहेर पडायचे झाले तर त्याचे पैसे किती दिवसांत द्यायचे, हे गोडीगुलाबी आहे तोवरच लिहून घ्यावे. गाळ्याचेही तसेच. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, तरीही फर्निचरवर लाखभर खर्च करणारी माणसे तोंडी शब्दावर गाळा घेतात.

शेवटची गोष्ट धंदा थांबवण्याविषयीची आहे आणि ती सुरू करतानाच ठरवावी असे मी आग्रहाने सांगते. किती रक्कम गेली आणि किती महिने झाले की थांबायचे, हे घरातल्या माणसांसमोर आधीच लिहून ठेवावे. धंदा सुरू असताना ती मर्यादा ठरवता येत नाही, कारण तेव्हा दर महिन्याला पुढच्या महिन्याची आशा असते आणि भविष्य निर्वाह निधीपासून मंगळसूत्रापर्यंत सगळे त्या आशेवर जाते. मर्यादेला पोहोचल्यावर शटर ओढणे पुरेसे नाही. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला नाही, तर एका पैशाची विक्री नसतानाही विवरणपत्रे भरावीच लागतात आणि न भरल्यास दिवसाप्रमाणे विलंब शुल्क चढत जाते. नोंदणी रद्द झाल्यावरही ३ महिन्यांत अंतिम विवरणपत्र द्यावे लागते. व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची मागणीही ती नोंदणी रद्द करेपर्यंत सुरू राहते. अन्न परवाना, चालू खाते, विजेची व्यापारी जोडणी आणि गाळ्याचा करार यांचेही तसेच असते. प्रत्येक ठिकाणी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि त्या सगळ्या पोचपावत्या एका फाइलीत निदान आठ वर्षे जपून ठेवाव्यात.